मालव्याची हवा आणि गिटारची चीर

इंदूरच्या छत्रीबागेतल्या होळकरांच्या छत्र्या दगडाच्या आहेत. दरसाल त्यांच्यावरून एक मालवी उन्हाळा जातो, एक पावसाळा जातो, आणि दगडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. त्याच वस्तीतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेल्या गिटारला मात्र प्रत्येक ऋतूचा हिशोब चुकवावा लागतो. वीस-पंचवीस वर्षांनी नातवंडांपैकी कुणाला तरी ती आठवते. चादर सोडली की दिसतं असं: तारा गंजलेल्या, खुंट्या आखडलेल्या आणि पुढच्या फळीवर घोडीपासून खालच्या काठापर्यंत गेलेली एक सरळ, काळी रेघ. ही रेघ म्हणजे त्या फळीला, म्हणजे तबलीला, गेलेली चीर.

इंदूरला वाद्यांची सवय जुनी आहे. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली आणि दरबाराबरोबर गाणारे-वाजवणारेही आले. पखवाजात स्वतःचं घराणं उभं करणारे नानासाहेब पानसे इंदूरचे. बीनकार बंदे अली खाँ इथल्या दरबाराशी जोडलेले होते. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ सारंगी वाजवत, आणि अमीर खाँ यांचं पहिलं शिक्षणही सारंगीचंच. गिटार या शहरात बरीच उशिरा आली. आधी हवाईयन गिटार, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांब सरकवत वाजवायची. व्हॅन शिप्ली यांच्या सिनेगीतांच्या तबकड्या आणि रेडिओ यांनी ती घरोघर पोहोचवली. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी आली आणि या वाद्यावर रागही वाजतो हे सर्वांना पटलं. पुढे उभी धरून वाजवायची साधी गिटार आली आणि तीच राहिली. माळ्यावरून आज खाली उतरतात त्या बहुतेक या दोनपैकी एका प्रकारच्या असतात.

चीर दिसली की घरातला उत्साही माणूस पहिल्यांदा गोंद शोधतो. या प्रकरणाचं सगळं सांगणं त्या माणसासाठी आहे. तबलीची दुरुस्ती गोंदापासून सुरू होत नाही, ती पाण्यापासून सुरू होते. का, ते समजायला तबली आणि हवा या दोघांचं नातं आधी पाहायला हवं.

तीन मिलिमीटरवर सत्तर किलो

सितार-तंबोऱ्याच्या पुढच्या फळीला आपल्याकडे तबली म्हणतात. गिटार दुरुस्त करणारे कारागीरही हाच शब्द वापरतात, म्हणून इथेही तोच वापरू. चांगल्या गिटारची तबली स्प्रूस किंवा सिडार या लाकडाची असते. एकाच ओंडक्यातून लागोपाठ कापलेले दोन पातळ तक्ते पुस्तकाच्या पानांसारखे उघडून मधोमध जोडतात. जाडी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर.

गिटारचा आवाज मुख्यतः या तबलीचा असतो. स्पेनचा कारागीर आंतोनियो दे तोर्रेस याने १८६२ साली हे फार धिटाईने दाखवून दिलं. त्याने एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि कडा पुठ्ठ्याच्या आणि तबली तेवढी लाकडाची. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीला चीर गेली तर सहसा दिसण्याचाच प्रश्न असतो. तबलीला गेली तर तो आवाजाचा आणि पुढे वाद्याच्या आयुष्याचा प्रश्न होतो.

या पातळ फळीवर भार किती? पोलादी तारांचा सर्वसाधारण हलका संच सुरात लावला की सहा तारांची मिळून ओढ सुमारे ७३ किलो भरते. एक मोठा माणूस रात्रंदिवस घोडीला धरून मानेकडे ओढतो आहे असं समजा. घोडीच्या मागची तबली त्यामुळे थोडी फुगते आणि पुढची, ध्वनिछिद्राकडची, थोडी खचते. ही ओढ पेलायला तबलीच्या आतून लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. अमेरिकेत मार्टिन कंपनीने १८४० च्या दशकात या पट्ट्या फुलीच्या आकारात बसवायला सुरुवात केली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पोलादी तारा सर्रास झाल्या त्या विसाव्या शतकात, आणि तेव्हा हीच फुली कामाला आली. आज पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींच्या पोटात ती सापडते.

आता यातली मेख पाहा. तबलीच्या रेषा मानेकडून तळाकडे उभ्या जातात. आतल्या पट्ट्या आणि वरची घोडी या रेषांना आडव्या किंवा तिरक्या बसवलेल्या असतात. ताकदीसाठी हे आवश्यकच आहे, पण चिरेचं बीजही इथेच पेरलं जातं.

हवेचा हिशोब

लाकूड कापून, वाळवून, पॉलिश करून झालं तरी ते हवेशी पाण्याची देवघेव थांबवत नाही. हवा दमट झाली की ते पाणी घेतं आणि फुगतं, कोरडी झाली की पाणी सोडतं आणि आकसतं. गिटारच्या तबलीला बाहेरून पॉलिश असतं, आतून मात्र लाकूड उघडं असतं. त्यामुळे ही देवघेव प्रामुख्याने पोटातून होते.

मात्र लाकूड सर्व दिशांनी सारखं आकसत नाही. सिटका स्प्रूस हे लाकूड ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरडं होईपर्यंत रेषांना आडवं, म्हणजे गिटारच्या रुंदीच्या दिशेने, सुमारे ४.३ टक्के आकसतं. रेषांच्या लांबीने ते टक्क्याच्या एखाद-दुसऱ्या दशांशाएवढंच आकसतं. म्हणून तबली उभीच चिरते, आडवी चिरत नाही. गिटारवर रेषांना आडवी भेग दिसली तर ती हवेची करणी नाही, कुठेतरी दणका बसला आहे असं खुशाल समजावं.

हाच हिशोब आता इंदूरला लावू. मालव्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली जाते. शब-ए-मालवा म्हणून वाखाणली जाणारी इथली रात्र गार खरी, पण उन्हाळ्यात तीही कोरडीच. जुलै-ऑगस्टमध्ये, छत्रीबागेत वेंकटेश मंदिराचा रथ निघतो त्या पावसाळी दिवसांत, हीच आर्द्रता ऐंशीच्या पुढे असते. ऐंशी टक्के आर्द्रतेत लाकूड फार दिवस राहिलं तर त्याच्यातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या १५-१६ टक्क्यांवर स्थिरावतं. वीस टक्के आर्द्रतेत ते ४-५ टक्क्यांवर येतं. घरातल्या भिंती ही टोकं थोडी बोथट करतात, म्हणून १४ वरून ५ पर्यंत घसरण धरू. घसरण नऊ टक्क्यांची, आणि दर टक्क्याला आकसणं सुमारे ०.१४ टक्के. मोठ्या गिटारची तबली खाली साधारण ४०० मिलिमीटर रुंद असते. गुणाकार केला तर उत्तर येतं पाच मिलिमीटर. उलट लांबीच्या दिशेने फरक पडतो जेमतेम पाव मिलिमीटर.

तबली मोकळी असती तर ती पाच मिलिमीटर अरुंद झाली असती आणि पावसाळ्यात पुन्हा रुंद. पण ती मोकळी नसते. कडांना चिकटलेली असते, आणि पोटातल्या आडव्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, कारण त्या स्वतः त्यांच्या लांबीच्या दिशेने आकसतच नाहीत. मग लाकूड ताणलं जातं. आधी तबलीचा हलका फुगवटा सपाट होतो, म्हणून तारा पडद्यांना टेकून खरखरतात. मानेची पट्टी आकसते आणि पडद्यांची टोकं हाताला टोचू लागतात. या दोन खुणा चिरेच्या आधी येतात, आणि त्या वेळीच ओळखल्या तर चीर टळू शकते. तिकडे दुर्लक्ष झालं की लाकूड आपल्या सर्वांत अशक्त रेषेवर तुटतं.

ही अशक्त रेषा कुठे असते तेही ठरलेलं आहे. घोडीच्या टोकापासून तळाकडे, मधला जोड, मानेच्या पट्टीच्या दोन्ही बाजू. काही जुन्या गिटारींत नखं लागू नयेत म्हणून लावलेल्या प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेलाही चीर जाते. सेल्युलॉइडची ही पट्टी काळाबरोबर स्वतः आकसते, आणि ती थेट उघड्या लाकडावर चिकटवलेली असेल तर लाकडालाही ओढत नेते. मार्टिनच्या जुन्या गिटारींचं हे ओळखीचं दुखणं आहे.

गिटार कुठे बनली यानेही फरक पडतो. मोठे कारखाने आपली हवा ४५ ते ५० टक्के आर्द्रतेवर बांधून ठेवतात. ज्या कारखान्यात हवा मोजली जात नाही आणि समुद्र किंवा खाडी जवळ आहे, तिथे पावसाळ्यात जोडलेली तबली जन्मतःच फुगलेली असते. ती मालव्यात आली की तिला आकसायला वाव जास्त, म्हणून धोकाही जास्त.

चीर आहे का, आणि कसली?

पहिला प्रश्न गिटारच्या जातीचा. ध्वनिछिद्राच्या काठाकडे उजेड धरून नीट पाहावं. वरच्या रेषा काठाच्या जाडीतूनही तशाच खाली उतरत असतील तर तबली अखंड लाकडाची आहे. काठावर वेगवेगळ्या रंगांचे थर दिसले तर ती प्लायची. आपल्याकडच्या जुन्या स्वस्त गिटारी बऱ्याचशा प्लायच्या असतात. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ती हवेने सहसा चिरत नाही, तिचे थर सुटतात. तिथे पुढे सांगितलेली निम्मी कामं लागूच होत नाहीत.

दुसरा प्रश्न, चीर लाकडाची की पॉलिशची? जुनं लॅकर थंडी-उन्हाने तडकतं आणि त्यावर बारीक रेघांचं जाळं उमटतं. त्या रेघा लाकडाच्या रेषांना जुमानत नाहीत, वाटेल तशा आडव्या-तिरक्या जातात. लाकडाची चीर मात्र रेषेबरोबरच धावते. खोलीत अंधार करून गिटारच्या पोटात लहान दिवा सोडला की आरपार गेलेली चीर उजेडाने चमकते. चिरेच्या दोन्ही कडांवर अंगठे ठेवून अगदी हलकं दाबावं. एक कड खाली जाते आणि दुसरी जात नाही, असं असेल तर चीर जिवंत आहे.

तिसरं काम आतल्या पट्ट्या तपासायचं. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आणि टॉर्च ध्वनिछिद्रातून आत घालावा. पट्टी आणि तबली यांच्या मध्ये फट आहे का पाहावं, आणि शंका असेल तिथे पातळ कागद सरकवून बघावा. बोटाच्या पेरांनी तबली ठोकत गेलं तर सुटलेल्या पट्टीवर आवाज भरीव येण्याऐवजी खुळखुळता येतो. सुटलेली पट्टी तशीच ठेवून चीर चिकटवणं व्यर्थ आहे. तारा चढल्या की तिथे तबली पुन्हा हलणार आणि चीर पुन्हा उघडणार.

आधी पाणी

तारा सोडून टाकाव्यात आणि गिटार तिच्या पेटीत ठेवावी. पेटी नसेल तर मोठी जाड प्लास्टिकची पिशवी चालते. साबणदाणीसारख्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा, आणि डबी ध्वनिछिद्रातून आत टांगायची. दुसरी डबी मानेच्या टोकाशी. स्पंजातून एक थेंबही गळता कामा नये. लाकडाला भिजवायचं नाही, त्याच्या भोवतीची हवा ओली करायची आहे. चिरेवर थेट पाणी लावणं, ओलं फडकं ठेवणं किंवा वाफ देणं हे सगळं वर्ज्य.

आत एक आर्द्रतामापक ठेवावा. स्वस्त मापकं दहा-दहा टक्के चुकतात, म्हणून त्यांची परीक्षा घरीच घ्यावी. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ घ्यायचं, थेंबभर पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करायचं, आणि मापकासह हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवायचं. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल तर त्यात सात मिळवून वाचायचं.

लक्ष्य ४५ ते ५५ टक्के. तिथे पोहोचल्यावर घाई करायची नाही, आठवडा-दोन आठवडे लाकडाला पाणी परत पिऊ द्यायचं. या काळात पुष्कळ चिरा मिटतात. दोन कडा इतक्या जवळ येतात की बोटाला जोड लागत नाही. पाणी आधी आणि गोंद नंतर, यामागचं कारण हेच आहे. उन्हाळ्यात रुंदावलेल्या फटीत गोंद किंवा भुसा भरून टाकला की ती भर तिथेच ठाण मांडते. पावसाळ्यात तबली फुगते, तिला मिटायला जागा उरत नाही, आणि मग ती भरावाच्या शेजारी नवी चीर काढते.

सरस, फेव्हिकॉल आणि झटपट गोंद

कडा मिटल्या की गोंदाची वेळ येते. वाद्यांच्या दुनियेत याचं जुनं उत्तर आहे सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांतून काढलेला गोंद. त्याचे खडे थंड पाण्यात भिजवून फुगवतात. मग भांड्यात पाणी आणि त्यात दुसरं भांडं अशा पद्धतीने सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत गरम करतात. त्याहून जास्त तापला तर त्याची ताकद जाते. गरम असतो तोवर तो पाण्यासारखा पातळ राहतो आणि केसाएवढ्या चिरेतही उतरतो. गार होताना गोठतो, वाळताना आकसतो आणि दोन्ही कडा आपल्याकडे ओढून घेतो. वाळल्यावर तो कडक आणि जवळजवळ पारदर्शक होतो. मुख्य म्हणजे उष्णता आणि ओलावा दिला की तो पुन्हा सुटतो. युरोपातल्या दोन-तीनशे वर्षांच्या व्हायोलिनी आज वाजताहेत त्या यामुळेच. त्यांच्या तबल्या पुन्हा पुन्हा उघडल्या गेल्या आणि पुन्हा पुन्हा मिटवल्या गेल्या.

आपल्याकडेही सरस परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिरजेत फरीदसाहेबांच्या परंपरेतले सतारमेकर तंबोरे आणि सतारी घडवताहेत. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरच्या बाजूच्या भोपळ्याला तुणीच्या लाकडाची तबली बसवताना जुने कारागीर सरसच वापरत. मात्र तंबोऱ्याची तबली आणि गिटारची तबली यांत मोठा फरक आहे. तंबोऱ्याची तबली जाड असते आणि तिच्या पोटात गिटारसारख्या आडव्या पट्ट्यांची जाळी नसते. म्हणून ती आकसली तर काठाशी, भोपळ्याच्या जोडावर, सुटायला पाहते. मधोमध फाटण्याचा प्रसंग तिच्यावर कमी येतो.

सरसाला एक मर्यादा आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत मेच्या दुपारी तो नरम पडतो. बाजारातला पांढरा गोंद, म्हणजे फेव्हिकॉलच्या जातीचा, वापरायला सोपा आहे आणि सुतारकामात उत्तमच. पण सतत ओढ असलेल्या जागी तो वर्षानुवर्षांत थोडा थोडा सरकतो, आणि एकदा वाळला की त्यावर दुसरा गोंद नीट धरत नाही. गिटार बनवणाऱ्या अनेकांची पसंती पिवळ्या लाकूड-गोंदाला आहे. तो पांढऱ्यापेक्षा कडक वाळतो आणि घरगुती दुरुस्तीला पुरतो. क्षणात चिकटणारा झटपट गोंद काही निष्णात कारागीर केसचिरेत वापरतात, पण नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तो लॅकरवर सांडला तर लॅकर विरघळतं. लाकडात मुरला तर डाग पडतो. शिवाय कड वरखाली असतानाच चिकटली तर ती चूक कायमची होते.

प्रत्यक्ष काम फार वेळ घेत नाही. चिरेवर गोंद ओळीने ठेवायचा. एका हाताने आतून हलकं वर दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. या हालचालीने गोंद चिरेच्या पोटात खेचला जातो. आतल्या बाजूने त्याचे थेंब डोकावले की तो आरपार गेला. वरचा गोंद लगेच दमट फडक्याने पुसायचा. मग मेणकागदाचा तुकडा, त्यावर सपाट पट्टी, आणि क्लॅम्प. हात पोहोचत नसेल तिथे आत-बाहेर जोडीने लावलेली ताकदवान चुंबकं काम करतात. कडा एका पातळीत आल्या आहेत की नाही, हे क्लॅम्प आवळण्याआधी नखाने तपासायचं. वरखाली चिकटलेली कड नंतर घासून सपाट करायची म्हटली तर पॉलिशही जातं आणि तीन मिलिमीटरमधली जाडीही.

आतून ठिगळ

फक्त गोंदावर विसंबून चालत नाही. चीर आतून बांधून घ्यावी लागते, आणि त्यासाठी स्प्रूसची छोटी ठिगळं लागतात. मोडीत निघालेल्या गिटारची तबली हा त्यांचा उत्तम साठा. चौकोनी किंवा शंकरपाळीच्या आकाराची, बाजू सुमारे १२ ते १५ मिलिमीटर, जाडी दीड-दोन मिलिमीटर. कडा पटाशीने उतरत्या करायच्या, म्हणजे त्या उचकटत नाहीत आणि वजनही घटतं. चिरेवर दर चार-पाच सेंटिमीटरला एक ठिगळ बसवायचं.

ठिगळाच्या रेषा तबलीच्या रेषांना आडव्या हव्यात. त्या चिरेबरोबरच धावल्या तर तबलीबरोबर ठिगळही त्याच जागी फाटेल. याचं दुसरं टोक म्हणजे काम पक्कं व्हावं म्हणून मोठं, जाड ठिगळ लावणं. ते तबलीला आणखी एका आडव्या पट्टीसारखं जखडतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या काठाशी नवी चीर सुरू होते. शिवाय तबलीवर वाढलेला प्रत्येक ग्रॅम तिच्या कंपनातून वजा होतो. म्हणून नियम सोपा ठेवावा: ठिगळं लहान, पातळ आणि गरजेपुरतीच.

न मिटणारी चीर

काही चिरा पंधरा दिवस ओलावा देऊनही उघड्याच राहतात. बहुतेक वेळा त्या खूप जुन्या असतात. लाकूड कायमचं आकसलेलं असतं किंवा फटीत वर्षांची धूळ आणि पूर्वीचा कुणाचा तरी गोंद साठलेला असतो. अशा वेळी आधी फट कोरून साफ करतात. तिला किंचित इंग्रजी व्ही अक्षरासारखा उतार देतात आणि जुन्या स्प्रूसची तशीच निमुळती पाचर तीत बसवतात. पाचरीच्या रेषा तबलीच्या रेषांबरोबर उभ्या असाव्या लागतात, म्हणजे दोघी एकत्रच फुगतील आणि आकसतील. पाचर ठोकायची नाही, अंगठ्याच्या दाबाने बसेल इतकीच घट्ट ठेवायची. वाळल्यावर वर आलेला भाग धारदार पटाशीने पापुद्र्यासारखा काढत तबलीशी सपाट करतात. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने चांगल्या गिटारवर करू नये. हात बसलेल्या कारागिराकडे न्यावं.

वरचा हात

आता उरतं दिसणं. बऱ्याच जुन्या गिटारींवर लॅकर असतं आणि त्याहून जुन्या स्पॅनिश गिटारींवर लाखेचं पॉलिश. लाख आपल्याच जंगलातली. कुसुम, पळस, बोर या झाडांवरचा किडा ती तयार करतो. ती शुद्ध करून पातळ पापुद्रे केले की चपडा होतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ थरावर थर देत गेलं की चिरेची रेघ पुष्कळ बुजते. लाखेचा फायदा असा की जवळजवळ कुठल्याही जुन्या पॉलिशवर ती धरते आणि नको झाली तर स्पिरिटने निघते. लॅकरमध्ये राहिलेली खाच थेंब थेंब भरत आणून शेवटी अगदी बारीक पेपरने सपाट करतात. चीर अजिबात दिसू नये हा हट्ट मात्र धरू नये. तो पुरा करण्यासाठी सगळी तबली घासून नवं पॉलिश चढवावं लागतं, आणि त्यात जुन्या गिटारचा आवाज आणि किंमत दोन्ही जाण्याचा धोका असतो.

डाग लपवण्यापेक्षा वाद्य वाजतं ठेवणं महत्त्वाचं, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या गिटारचा आहे. १९६९ पासून ते मार्टिनची एकच नायलॉन तारांची गिटार वाजवत आले. तिचं नाव ‘ट्रिगर’. नखीने छेडून छेडून तिच्या तबलीला ध्वनिछिद्राशेजारी दुसरं भोक पडलं. ऑस्टिन शहरातले कारागीर मार्क अर्लवाइन तिची वर्षानुवर्षं देखभाल करत आले आहेत. आतल्या पट्ट्या सांभाळायच्या, लॅकर द्यायचं, पण भोक बुजवायचं नाही असं त्यांचं धोरण राहिलं, कारण गिटारचा आवाज त्या भोकासह घडला आहे.

दुरुस्तीनंतर

गोंदाला निदान एक पूर्ण दिवस द्यावा, दोन दिले तर उत्तम. मग तारा चढवताना एकदम सुरात न्यायच्या नाहीत, आधी एखाद-दोन स्वर खाली ठेवून दोन-तीन दिवसांत वर आणायच्या. जुन्या गिटारवर जाड संच चढवण्याचा मोह टाळावा. पातळ संचाने तबलीवरची ओढ सुमारे ६० किलोवर येते, आणि हा फरक जुन्या जोडांना जाणवतो.

गिटार कुठे ठेवायची याचा विचार इंदुरी घराप्रमाणे करावा लागतो. माळा सर्वांत वाईट, कारण उन्हाळ्यात घरातली सर्वांत तापलेली जागा तीच. पश्चिमेच्या भिंतीवरचा खिळाही तितकाच वाईट. एसी खोलीतली हवा आणखी कोरडी करतो. कूलर उलट हवा ओली करतो, पण गिटार त्याच्या थेट झोतात ठेवली तर तो चालू असताना ती फुगते आणि बंद झाला की आकसते. रोजची ही उलटापालट सलग कोरड्या हवेइतकीच घातक आहे. सर्वांत बरी जागा म्हणजे घराच्या आतल्या भिंतीशी उभी केलेली बंद पेटी. तिच्यात मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत स्पंजाची डबी ठेवावी आणि पावसाळ्यात डबीऐवजी सिलिका जेलची पुडी. मापकाचा आकडा ४० ते ६० च्या मध्ये राहिला तर पट्ट्यांना आणि तबलीला एकमेकांशी झगडायचं कारण उरत नाही.

कामातला शेवटचा टप्पा अगदी छोटा आहे, आणि बहुतेक लोक तोच गाळतात. पाठीच्या आतल्या बाजूला, ध्वनिछिद्रातून वाचता येईल असा, कागदाचा तुकडा चिकटवायचा. त्यावर पेन्सिलने लिहायचं: दुरुस्तीचा महिना आणि वर्ष, चीर कुठे होती, गोंद कुठला वापरला, ठिगळं किती. ही गिटार पुन्हा केव्हातरी उघडावी लागेल असं धरूनच चालायचं, आणि ती उघडणारा बहुधा दुसराच कुणी असेल. समोर सरस आहे की पिवळा गोंद हे त्याला आधी कळलं, तर गरम सुरी कुठे लावायची आणि कुठे नाही हे तो अंदाजावर सोडणार नाही.